युरोव्हिजन: स्पर्धा देशांची की वाहिन्यांची?

दर मे महिन्यात युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या बातम्या आपल्याकडेही पोचतात, पण बहुतेक वेळा गाण्यापेक्षा भांडणामुळे. कुणी माघार घेतली, कुणाला बाहेर काढलं, इस्राएल युरोपच्या स्पर्धेत कसा आणि ऑस्ट्रेलिया तर कसाच कसा? या प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे आणि ती बातमीत क्वचितच येते. या स्पर्धेत देश उतरतच नाहीत, उतरतात त्या त्या देशातल्या प्रसारण संस्था. आपल्याकडे असं काही असतं, तर पडद्यावर ‘भारत’ दिसलं असतं, पण अर्ज दूरदर्शनने भरला असता आणि प्रवेश शुल्कही त्यानेच मोजलं असतं. हे एकदा लक्षात आलं की सत्तर वर्षांचा हा गुंता बराच सुटतो.

सुरुवात गाण्यापासून झालीच नाही. १२ फेब्रुवारी १९५० रोजी इंग्लंडमधल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावात २३ प्रसारण संस्थांनी एकत्र येऊन युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन स्थापन केली. युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. कार्यक्रमांची देवाणघेवाण करायची आणि तांत्रिक अडचणी मिळून सोडवायच्या, एवढाच हेतू होता. अडचणी साध्या नव्हत्या. ब्रिटनचं टीव्हीचं चित्र ४०५ रेषांचं, फ्रान्सचं ८१९ रेषांचं आणि बऱ्याच इतर देशांचं ६२५ रेषांचं. एका देशाचं चित्र दुसऱ्या देशात दाखवायचं, तर ते वाटेत बदलून घ्यावं लागे. जून १९५३ मध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक फ्रान्स, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत थेट दिसला आणि हे जमतं याची खात्री पटली. पुढच्या वर्षी, ६ जून १९५४ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या नार्सिसस पुष्पोत्सवाने देशोदेशीच्या वाहिन्या जोडणाऱ्या युरोव्हिजन या जाळ्याचं रीतसर प्रक्षेपण सुरू झालं. युरोव्हिजन हे मुळात या जाळ्याचं नाव आहे, स्पर्धेचं नाही. आजही कार्यक्रमाआधी वाजणारी ती राजेशाही धून जाळ्याचीच. सतराव्या शतकातल्या मार्क-आंत्वान शार्पांतिए या फ्रेंच संगीतकाराच्या ‘ते देउम’ या स्तोत्ररचनेचा तो आरंभ.

जाळं झालं, आता त्यावरून दाखवायचं काय? फुलांची मिरवणूक आणि फुटबॉल रोज थोडेच असतात. जानेवारी १९५५ मध्ये मोनाकोत झालेल्या बैठकीत गाण्यांच्या स्पर्धेची कल्पना पुढे आली. डोळ्यांसमोर नमुना होता इटलीतल्या सानरेमो गीतमहोत्सवाचा, जो १९५१ पासून चालू होता. स्विस प्रसारक मार्सेल बेझाँसों यांनी ती उचलून धरली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रोमच्या सभेत तिला मान्यता मिळाली. गाणं निवडण्यामागचं शहाणपण मला फार आवडतं. भाषा कळली नाही तरी चाल कळते, आणि एकाच वेळी अनेक देशांत थेट प्रक्षेपण करून बघायला याहून सोयीचं दुसरं काही नव्हतं.

पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात, कुर्झाल नाट्यगृहात झाली. सात देश होते: यजमान स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. प्रत्येकाची दोन गाणी. परीक्षक बंद खोलीत बसले आणि त्यांना स्वतःच्या देशालाही मत देता येत होतं. लक्झेंबर्गचे परीक्षक आलेच नाहीत, म्हणून त्यांची मतं स्विस परीक्षकांनी दिली. जिंकली स्वित्झर्लंडची लिस आसिया. गुणतक्ता कधीच प्रसिद्ध झाला नाही. त्या संध्याकाळचं पूर्ण चित्रमुद्रणही उरलेलं नाही, आहे तो आवाज आणि विजेत्या गाण्याच्या पुनर्सादरीकरणाचा तुकडा. तेव्हा भारतात टीव्ही नव्हताच. दिल्लीत तो १९५९ मध्ये प्रयोग म्हणून आला, आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये मुंबई केंद्र सुरू झालं तोवर युरोव्हिजनच्या १७ स्पर्धा होऊन गेल्या होत्या.

नियम घडत गेले ते अनुभवातून. १९५७ मध्ये इटलीचं गाणं पाच मिनिटांपेक्षा लांबलं, मग तीन मिनिटांची मर्यादा कसोशीने पाळली जाऊ लागली. ती आजही आहे. १९६९ मध्ये माद्रिदला स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स यांचे गुण समान झाले. बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता, त्यामुळे चौघेही विजेते. निषेध म्हणून पुढच्या वर्षी काही देश आलेच नाहीत. सर्वांच्या ओळखीची बारा गुणांची पद्धत १९७५ ची: सर्वांत आवडत्या गाण्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८ पासून १ पर्यंत.

सर्वांत जास्त रेटारेटी मात्र भाषेवरून झाली. आधी लेखी नियम नव्हता, प्रत्येक जण आपल्याच भाषेत गाईल हे गृहीत धरलं होतं. १९६५ मध्ये स्वीडनने इंग्रजीत गायलं आणि १९६६ पासून देशाच्या भाषेची सक्ती आली. पण देशाची भाषा कोणती? १९६८ मध्ये स्पेनचा गायक जुआन मानुएल सेरात याला स्पेनमधल्याच कातालान भाषेत गायचं होतं. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ते शक्य नव्हतं. त्याच्या जागी मास्सिएल गेली, स्पॅनिशमध्ये गायली आणि जिंकली. आपल्या बोलीसाठी एवढी मोठी संधी सोडणारा गायक मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. १९७३ ला सक्ती उठली, पुढच्याच वर्षी स्वीडनच्या ॲबा या गटाने इंग्रजी ‘वॉटर्लू’ गाऊन स्पर्धा जिंकली. १९७७ ला सक्ती परत आली. त्या काळात इंग्रजी गाण्याची मुभा असलेल्या आयर्लंडने १९९२ ते १९९४ सलग तीनदा आणि १९९६ मध्ये पुन्हा बाजी मारली. हे निव्वळ भाषेमुळे झालं म्हणणं त्या गाण्यांवर अन्याय ठरेल, पण भाषेचा फायदा नव्हता असं म्हणणंही खरं नाही. १९९९ मध्ये सक्ती कायमची गेली, मंचावरचा जिवंत वाद्यवृंदही त्याच वर्षी गेला. त्यानंतर बहुतेक गाणी इंग्रजीत होऊ लागली. म्हणून २०१७ मध्ये पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्रालने पोर्तुगीजमध्ये, कुठलाही झगमगाट न करता गाऊन जिंकलं, तेव्हा अनेकांना भरून आलं.

स्पर्धा अराजकीय आहे, असं नियम सांगतात. पण गाणं देशाच्या नावाने गायलं की राजकारण मागच्या दाराने येतंच. १९७४ मध्ये पोर्तुगालचं गाणं इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या स्पर्धेत शेवटच्या क्रमांकात अडकलं. तीन आठवड्यांत, २४ एप्रिलच्या रात्री, लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्राने तेच गाणं लावलं. बंडखोर सैनिकांना तयारीचा तो पहिला इशारा होता, आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षी इटलीत घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत तोंडावर होतं आणि इटलीच्या गाण्याचं नाव होतं ‘सी’, म्हणजे ‘हो’. मतदारांवर परिणाम होईल म्हणून इटलीच्या सरकारी वाहिनीने स्पर्धा वेळेवर दाखवलीच नाही.

इस्राएल १९७३ पासून आहे, कारण त्याची प्रसारण संस्था युनियनची सदस्य होती आणि सदस्यत्वाचं क्षेत्र युरोपच्या नकाशापुरतं नाही, त्यात भूमध्य समुद्राच्या पलीकडचा काठही येतो. याच न्यायाने मोरोक्को १९८० मध्ये एकदा गाऊन गेला. १९७८ मध्ये इस्राएल जिंकू लागला तेव्हा जॉर्डनच्या वाहिनीने प्रक्षेपण तोडून फुलांचं चित्र दाखवलं आणि विजेता म्हणून दुसऱ्या आलेल्या बेल्जियमचं नाव सांगितलं. २००५ मध्ये लेबनॉनला पहिल्यांदा यायचं होतं, पण इस्राएलचं गाणं दाखवता येणार नसल्याने तिथल्या वाहिनीला माघार घ्यावी लागली. कोसोव्होची वाहिनी सदस्य नाही, म्हणून कोसोव्हो नाही. ऑस्ट्रेलियाची एसबीएस वाहिनी सहयोगी सदस्य आहे आणि कित्येक वर्षं स्पर्धा दाखवत आली आहे, म्हणून २०१५ पासून ऑस्ट्रेलियाला निमंत्रण. सर्वाधिक पैसा भरणाऱ्या ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्पेन आणि इटलीच्या वाहिन्यांची गाणी वर्षानुवर्षं उपांत्य फेरी न खेळता थेट अंतिम फेरीत येत राहिली, तीही याच हिशेबाने.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती १९९३ ची रात्र. आयर्लंडमधल्या मिलस्ट्रीट या छोट्या गावात घोड्यांच्या क्रीडासंकुलात स्पर्धा भरली होती. युगोस्लाव्हिया फुटलं होतं आणि बोस्निया पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आला होता. कलाकार युद्धाच्या वेढ्यातल्या साराएव्होतून, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीतून, जीव मुठीत धरून निघाले होते. मतदानाच्या वेळी साराएव्होशी फोन लागला, खरखरत, तुटत, आणि तो आवाज ऐकू येताच सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. वेगवेगळ्या गावांच्या तारा जोडता येतात का, हे पाहण्यासाठीच तर हा सगळा उद्योग सुरू झाला होता.

१९९७ मध्ये पाच देशांत प्रेक्षकांना फोनने मत देऊ दिलं, वर्षभरात ते बहुतेक ठिकाणी पसरलं. शेजाऱ्याने शेजाऱ्याला उचलण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षकांना निम्मा वाटा परत मिळाला. २०२२ मध्ये प्रेक्षकांनी युक्रेनला विक्रमी ४३९ गुण दिले आणि युक्रेन जिंकला. रशियाला त्याआधीच, युक्रेनवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या वर्षीच्या स्पर्धेतून वगळण्यात आलं होतं. पुढची स्पर्धा सहसा विजेत्याकडे भरते, पण युद्धामुळे ती युक्रेनच्या वतीने ब्रिटनमधल्या लिव्हरपूलला भरली, आणि त्याच वर्षापासून सहभागी नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांनाही ऑनलाइन मत देता येऊ लागलं.

२०२५ च्या डिसेंबरात जिनिव्हाच्या सभेत युनियनच्या सदस्यांनी, गाझातल्या युद्धावरून वादात सापडलेल्या इस्राएलच्या सहभागावर वेगळं मतदान न घेता नवे नियम मान्य केले. त्यानंतर स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी २०२६ च्या व्हिएन्नातल्या स्पर्धेतून माघार जाहीर केली. मथळ्यांत पाच देशांची नावं आली. पत्रकं मात्र त्यांच्या सार्वजनिक वाहिन्यांनी काढली होती.