उतरताना दुसरं विमान फार जवळून गेलं? एअरप्रॉक्स अहवाल कोणी, कधी, कसा भरायचा

धावपट्टी समोर दिसतेय, वेग कमी झालाय, आणि तेवढ्यात नाकाखालून दुसरंच विमान निघून जातं. दोघेही सुखरूप उतरतात. बरेच वैमानिक हुश्श करतात, विमान जागेवर लावतात आणि विषय सोडून देतात. खरं तर कागदी काम इथून सुरू व्हायला हवं. त्याला एअरप्रॉक्स अहवाल म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, त्याचा नमुना ठरवून दिलेला आहे. देशागणिक फॉर्मचं रूप आणि मुदत बदलते, प्रश्न बहुतेक तेच राहतात.

कोण भरू शकतं?

वैमानिक, किंवा हवाई वाहतूक सेवेतला कर्मचारी. पात्रतेचा खरा मुद्दा मात्र व्याख्येत आहे. दोन विमानांमधलं अंतर, त्यांची एकमेकांच्या संदर्भातली जागा आणि वेग असे होते की सुरक्षितता धोक्यात आली असावी, असं या दोघांपैकी कोणाचंही मत झालं, की तो एअरप्रॉक्स. इकाओच्या व्याख्येत फुटांचा आकडाच नाही. त्यामुळे 'किती जवळ आलं तर कळवायचं?' हा प्रश्न तिथे लागूच पडत नाही. अमेरिकेत ५०० फुटांची मर्यादा सांगितली जाते, पण धडकेचा धोका होता असं वैमानिकाने कळवलं तर तेही तिथे चालतं.

चूक आपलीच असेल तर? तरीही भरा. घटनेच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं नाही, असं इकाओच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलंय. अमेरिकेत घटनेपासून १० दिवसांत नासाकडे गोपनीय अहवाल पाठवला, चूक अनवधानाने झालेली असली आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असल्या, तर दंड किंवा परवाना निलंबनापासून संरक्षण मिळू शकतं. युरोपीय संघात जी घटना कळवणं अनिवार्य आहे, ती कळवायला वैमानिकाला ७२ तास मिळतात.

आधी रेडिओ, मग कागद

पहिली खबर त्याच वेळी, ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलत आहात तिच्यावरच द्यायची. अर्थात विमान सांभाळून झाल्यावर. फॉर्ममधल्या काही चौकटी छापतानाच गडद केलेल्या असतात. रेडिओवर सांगायचा मजकूर तोच. म्हणून कोरा फॉर्म उड्डाणाआधी एकदा वाचून ठेवावा असं माझं मत आहे. घटना घडून गेल्यावर त्या चौकटी आठवत बसायला वेळ नसतो.

तारीख आणि वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत लिहायची, घड्याळातली स्थानिक वेळ नाही. जागा एखाद्या दिशादर्शक केंद्रापासूनची दिशा आणि अंतर देऊन, किंवा अक्षांश-रेखांशात. 'विमानतळाजवळ' एवढ्यावर भागत नाही.

उंचीच्या रकान्यात सगळ्यात जास्त गफलत होते. नुसतं '२५०० फूट' अपुरं आहे, अल्टिमीटरवर कोणता दाब लावला होता तेही हवं: २५०० फूट, क्यूएनएच (म्हणजे त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब) १००७ हेक्टोपास्कल, असं. कारण १००७ च्या जागी १०१३ हा प्रमाण दाब तसाच राहिला असेल, तर काटा २५०० दाखवतो आणि विमान खरं तर सुमारे १८० फूट खाली असतं. एका हेक्टोपास्कलला ढोबळमानाने ३० फूट धरा. खालून कोणी जात असेल, तर आपण गृहीत धरलेलं अंतर तेवढ्याने कमी झालेलं असतं.

पुढचे रकाने वाचले की फॉर्म बनवणाऱ्याने कॉकपिटमध्ये बराच वेळ घालवला असणार असं वाटतं. दिसायला अडथळा कशाचा होता: सूर्याची तिरीप, समोरच्या काचेच्या चौकटीचा खांब, की घाणेरडी काच? दुसरं विमान दिसलं, नाही दिसलं, की 'भलतंच दिसलं'? हा तिसरा पर्याय गमतीचा वाटतो, पण नियंत्रकाने एका विमानाबद्दल सांगावं आणि आपण दुसऱ्याकडेच बघत 'दिसलं' म्हणावं, असं खरोखर घडतं. काचेच्या खांबाचंही तसंच. धडकेच्या मार्गावरचं विमान आपल्याला काचेवर सरकताना दिसत नाही, एकाच जागी राहून मोठं होत जातं. ती जागा खांबामागे असली, तर ते दिसतच नाही.

दुसऱ्या विमानाचे पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले होते की खालच्या, हेही विचारलेलं असतं. उतरताना वरच्या पंखांचं विमान खाली आणि खालच्या पंखांचं त्याच्या वर असेल, तर दोघांच्याही नजरेआड नेमकं दुसरं विमान असतं. नियम खालच्या विमानाला प्राधान्य देतो, पण त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायला मनाई आहे.

टक्करविरोधी यंत्रणेने नुसता इशारा दिला की वर-खाली जायचा आदेश, तेही लिहायचं. उतरताना जमिनीपासून सुमारे १००० फुटांखाली ती आदेश देत नाही. तेव्हा हा रकाना रिकामा राहिला म्हणून धोका नव्हता असं होत नाही.

शेवटी दोन आकृत्या असतात, एक वरून पाहिलेली, एक बाजूने. दोन्हींत मध्यभागी तुमचं विमान. दुसरं विमान कोणत्या रेषेने गेलं, पहिल्यांदा कुठे दिसलं आणि सर्वांत जवळ किती आलं ते काढायचं. चित्र वाईट आलं तरी चालतं, अंतराचं एकक विसरू नका.

सोबत काय जोडायचं?

दाखल्यांची लांबलचक यादी नाही, लागतील तेवढे जादा कागद जोडा एवढीच सूचना. जीपीएसचा मार्ग असेल तर जरूर जोडा. मोठ्या विमानात कॉकपिटमधल्या आवाजाचं मुद्रण लगेच जपून ठेवायला सांगा. अनेक विमानांत ते २ तासांनी पुसलं जातं.

फॉर्मवर सही, हुद्दा आणि भरल्याची वेळ टाकून तो हवाई वाहतूक सेवेच्या कार्यालयात द्यायचा. चौकशीचा रकाना ते भरतात. मग घटनेला चारपैकी एक शेरा मिळतो: धडकेचा धोका होता, सुरक्षिततेची खात्री नव्हती, धोका नव्हता, किंवा धोका ठरवता आला नाही. तुमच्याकडची माहिती तुटपुंजी असली, की हा चौथा शेरा पडण्याची शक्यता वाढते.