स्नॅपशॉट घेतला, पण तो दुसरीकडे पोचला का?

घरातल्या छोट्या सर्व्हरवरून एकदा फोटोंचं आख्खं फोल्डर माझ्या हातून उडालं. त्यावर झेडएफएस ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, होती. मग डेटासेटच्या (तिच्या एका वेगळ्या विभागाच्या) मुळाशी असलेल्या ‘डॉट झेडएफएस’ या लपलेल्या फोल्डरमध्ये शिरलो. तिथे ‘स्नॅपशॉट’ (डेटाची त्या-त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) हे फोल्डर उघडलं, तर कालच्या तारखेखाली सगळे फोटो जागच्या जागी होते. साध्या कॉपी कमांडने ते परत आणले. त्या दिवसापासून झेडएफएसवर माझा जीव जडला आहे.

ही फाइलसिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी 2001 मध्ये लिहायला घेतली. 2005 मध्ये ओपनसोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर तिचा कोड सगळ्यांना खुला झाला आणि 2007 मध्ये पावेल याकुब दाविदेक यांनी ती फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणली. लिनक्समध्ये परवान्यांचं जमत नसल्यामुळे ती कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) मूळ कोडमध्ये नाही, वेगळं मॉड्यूल म्हणून बसवावी लागते.

झेडएफएस जुन्या ब्लॉकवर (डिस्कवरच्या डेटाच्या तुकड्यावर) कधीच गिरवत नाही. बदललेला मजकूर नव्या जागी लिहिते आणि मग त्याच्याकडे बोट दाखवते. स्नॅपशॉट म्हणजे ‘हे जुने ब्लॉक मोकळे करू नका’ एवढीच नोंद. म्हणून तो क्षणात होतो आणि सुरुवातीला जागाही जवळपास खात नाही. पुढे फाइली बदलत जातात तशी अडकलेली जागा वाढते.

पण डिस्कच गेली तर तिच्यावरचे स्नॅपशॉटही गेले. म्हणून ते दुसऱ्या यंत्रावर पोचवायचे, आणि मला सगळ्यात सुंदर वाटतो तो भाग इथेच आहे. प्रत्येक ब्लॉककडे नेणाऱ्या पॉइंटरवर त्या ब्लॉकचा जन्मक्रमांक, म्हणजे तो कधी लिहिला गेला हे सांगणारा क्रमांक, लिहिलेला असतो. ‘झेडएफएस सेंड’ या पाठवणाऱ्या कमांडला कालचा आणि आजचा असे दोन स्नॅपशॉट दिले, की कालच्यापेक्षा जुना क्रमांक दिसताच ती ब्लॉकच्या झाडाची ती फांदीच्या फांदी सोडून देते. आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला काय बदललं हे शोधायला लाखो फाइली एकेक करून तपासाव्या लागतात; इथे शोधाशोध नाहीच. मोठ्या फोल्डरचं नाव बदललं तरी आतला डेटा पुन्हा पाठवावा लागत नाही.

हे रोज हाताने कोण करणार? मी सॅनॉइड हा स्नॅपशॉट आपोआप घेणारा प्रोग्रॅम वापरतो. किती तासांचे, किती दिवसांचे, किती महिन्यांचे स्नॅपशॉट ठेवायचे ते एका फाइलीत लिहायचं. सॅनॉइडचाच जोडीदार सिंकॉइड ते स्नॅपशॉट एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून पलीकडे नेतो. दोन्ही पर्ल या भाषेत लिहिलेले असल्यामुळे फ्रीबीएसडी आणि लिनक्स दोन्हीकडे चालतात. डेबियन या लिनक्सवर पॅकेज टाकलं की सिस्टिमडीचा (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) टायमर सॅनॉइडला आपोआप उठवतो. फ्रीबीएसडीवर क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ओळ आपण लिहायची, आणि सेटिंगची फाइल ‘यूएसआर लोकल’खाली शोधायची.

माझी गाडी अडली ती भलतीकडेच. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या यंत्राने ‘मागच्या स्नॅपशॉटनंतर इथे बदल झाला आहे’ म्हणत डेटा घ्यायला नकार दिला. मी तर तिथे फक्त फोल्डर उघडून पाहिलं होतं! पण नुसतं वाचलं तरी ‘शेवटचं कधी वाचलं’ ही वेळ नोंदली जाते, आणि झेडएफएसच्या दृष्टीने तो बदलच. आधी रोलबॅक केलं, म्हणजे सगळं शेवटच्या स्नॅपशॉटवर परत नेलं, मग घेणाऱ्या बाजूला ‘रीडओन्ली’ (फक्त वाचण्याची मुभा) चालू केलं. त्याने बाहेरून होणारं लिखाण थांबतं, ‘रिसीव्ह’, म्हणजे सेंडने पाठवलेलं घेणं, मात्र चालूच राहतं.

दुसरी काळजी दोन्हीकडे सारख्या असलेल्या शेवटच्या स्नॅपशॉटची. नेट आठवडाभर बंद राहिलं आणि तेवढ्यात जुने स्नॅपशॉट पुसण्याच्या नियमाने तोच उडवला, तर फरक काढायला आधार उरत नाही आणि सगळा डेटा पहिल्यापासून पाठवावा लागतो. म्हणून पाठवणाऱ्या बाजूला त्याचा बुकमार्क करून ठेवावा. बुकमार्क डेटा धरून ठेवत नाही, फक्त जन्मक्रमांक लक्षात ठेवतो, आणि पुढचा फरक काढायला तेवढं पुरतं. जुना स्नॅपशॉट घेणाऱ्या बाजूला मात्र शाबूत हवा.

आता दर रविवारी मी पलीकडच्या यंत्रावरच्या स्नॅपशॉटमधून एखादा फोटो उघडून बघतो.