दोषसह नियंत्रण, प्रबलन अध्ययनाधारित

यंत्राला प्रत्यक्ष हलवणारा भाग, म्हणजे ॲक्च्युएटर (मोटर, झडप, हायड्रॉलिक दट्ट्या इ.), बिघडला तरी यंत्र ताब्यात राहावे आणि ते कसे राखायचे हे नियंत्रकाने अनुभवातून शिकावे, अशी पद्धत. अशा अनुभवातून शिकण्याला प्रबलन अध्ययन म्हणतात; अभियंत्यांच्या तोंडी मात्र ‘रीइन्फोर्समेंट लर्निंग’ हेच नाव असते.

माणसाने हे काम केल्याचा ठळक दाखला १९ जुलै १९८९ चा आहे. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतले इंजिन फुटले आणि विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणा निकामी झाल्या. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत वैमानिकांनी विमान अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. विमान कसे वागेल हे त्यांना उडतानाच उमगत गेले.

ॲक्च्युएटर नाना तऱ्हांनी बिघडतो. १० न्यूटनचा हुकूम जातो, बल मिळते ६ न्यूटन. काही वेळा शून्य मागितले तरी थोडा जोर लागतच राहतो. झडप एकाच जागी अडकूनही बसते. हे सारे ‘परिणामकारकता गुणिले हुकूम, अधिक विचलन’ एवढ्या सूत्रात मांडतात. अडकलेल्या झडपेची परिणामकारकता शून्य. अरेषीय प्रणालीत, म्हणजे जिथे परिणाम हुकमाच्या सरळ प्रमाणात नसतो तिथे, हिशेब आणखी फसवा होतो. ड्रोनच्या पंख्याची उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे फेऱ्या २० टक्के घटल्या की उचल ३६ टक्के घटते.

अशा प्रणालीसाठी सर्वोत्तम नियंत्रण शोधायचे तर पुढची एकूण किंमत (चूक, खर्ची पडणारा जोर इ.) कमीत कमी कशी ठेवायची हे सांगणारे हॅमिल्टन-जाकोबी-बेलमन समीकरण सोडवावे लागते, आणि त्याचे नेमके उत्तर सहसा हाती लागत नाही. म्हणून दोन न्यूरल जाळी (अनुभवातून आपले आकडे सुधारत जाणाऱ्या गणिती रचना) कामाला लावतात. ‘समीक्षक’ जाळे पुढे किती किंमत मोजावी लागेल याचा अंदाज बांधते. ‘कर्ता’ जाळे तो अंदाज पाहून हुकूम सुधारते.

खरी मेख शिकण्यातच आहे. शिकायचे तर यंत्राला थोडे हलवून पाहावे लागते, आणि आधीच लंगडणाऱ्या यंत्राला हलवणे धोक्याचे. म्हणून बरेचसे शिक्षण संगणकी प्रतिकृतीत, मुद्दाम निरनिराळे बिघाड घालून उरकतात. स्थैर्याची हमी रशियन गणितज्ञ ल्यापुनॉव्ह यांच्या १८९२ च्या सिद्धांतावरून मिळवतात, पण तिचा अर्थ बहुधा इतकाच असतो की चूक ठरावीक मर्यादेत राहील. चूक शून्य होईल असे कोणी लिहून देत नाही.

गेलेली ताकद शिकून परत येत नाही. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा बंद पडला तर तोंड एका दिशेला धरून ठेवण्याचा हट्ट सोडावा लागतो; ड्रोन स्वतःभोवती गरगरत राहतो, पण जागा आणि उंची सांभाळतो. ही युक्ती आधी गणिताने दाखवली, शिकणाऱ्या यंत्राने नव्हे. बक्षिसाच्या सूत्रात (म्हणजे कोणत्या वागण्याला किती गुण द्यायचे हे ठरवणाऱ्या सूत्रात) दिशेला फार वजन दिले, तर शिकणारा नियंत्रक ती सोडायला तयारच होत नाही.