पथ्य आणि जीवनसत्त्वांचे सल्ले येतात कुठून? ऑटोइम्यून आजारांमागची शंभर वर्षं

ऑटोइम्यून आजाराचं, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजाराचं, निदान झालं की औषधांची चिठ्ठी हातात पडते आणि पाठोपाठ सल्ले सुरू होतात. गहू बंद कर. दूध सोड. टोमॅटो-वांगी तर बघूसुद्धा नकोस. डी जीवनसत्त्व भरपूर घे, बी-१२ वाढव, झिंक आणि सेलेनियम सुरू कर. सांगणारे बहुतेक जण मायेनंच सांगतात. ऐकणाऱ्यालाही ते ऐकावंसं वाटतं, कारण औषध डॉक्टरांनी ठरवलेलं असतं, ताटात काय वाढून घ्यायचं ते मात्र आपल्या हातात असतं. यातल्या जवळपास प्रत्येक सल्ल्याला इतिहास आहे. काहींच्या मागे वैद्यकशास्त्रातले अतिशय देखणे शोध आहेत, काहींच्या मागे अर्धवट राहिलेले प्रयोग आहेत, आणि काही चक्क दुसऱ्याच आजाराकडून उसने घेतलेले आहेत. कोणता सल्ला कुठून आला हे कळलं, तर त्याला किती वजन द्यायचं हे ठरवता येतं.

सुरुवात जीवनसत्त्वांच्या शोधापासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्कर्व्ही, बेरीबेरी, मुडदूस, पेलाग्रा अशा आजारांचं कोडं एकामागून एक सुटत गेलं. कासिमिर फंक यांनी १९१२ मध्ये या आजारांना एकाच सूत्रात बांधलं: अन्नातला एखादा अत्यल्प घटक कमी पडतो आणि माणूस आजारी पडतो. आइकमन आणि हॉपकिन्स यांना १९२९ मध्ये याच क्षेत्रातल्या कामासाठी नोबेल मिळालं. अंथरुणाला खिळलेली माणसं काही दिवसांत उठून बसताना लोकांनी पाहिली. काहीतरी कमी पडतंय, ते भरून काढलं की आजार जातो, हा विश्वास तेव्हा जो बसला तो आजही हललेला नाही.

ऑटोइम्यून आजार त्या जातीचे नाहीत. तिथे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडते. मात्र यातले दोन आजार असे निघाले, की ज्यांत आहार हाच उपचार ठरला. पुढच्या सगळ्या आशेचं मूळ मला या दोन आजारांत दिसतं, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबायला हवं.

पहिला पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षयाचा एक घातक प्रकार. १९२६ पूर्वी हे निदान म्हणजे मृत्यूची वर्दीच होती. रक्त आटत जायचं, हातापायांना मुंग्या यायच्या, तोल जायचा. त्या वर्षी बॉस्टनमध्ये जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी ४५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांना रोज १२० ते २४० ग्रॅम यकृत खायला लावलं होतं, आणि रुग्ण सुधारले होते. मायनॉट स्वतः मधुमेही होते. इन्सुलिन मिळण्याआधी त्यांनी तोलूनमापून खाण्यावर दिवस काढले होते, त्यामुळे आहाराकडे ते गांभीर्यानं पाहत. १९३४ मध्ये या दोघांना जॉर्ज व्हिपल यांच्यासह नोबेल मिळालं.

पण रुग्णांच्या आहारात आधीही मांस होतंच. मग इतरांना जे थोड्याशा मांसातून मिळतं, ते मिळवायला यांना रोज एवढं यकृत का लागावं? विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरनं त्याचा छडा लावला. तो स्वतः अर्धकच्चं गोमांस खायचा, तासाभरानं ते पोटातून बाहेर काढायचा आणि नळीवाटे रुग्णाच्या पोटात सोडायचा. नुसत्या मांसानं फरक पडत नव्हता, नुसत्या जठररसानंही नाही. दोन्ही एकत्र गेले की रक्त सुधारायचं. निरोगी जठरात असा काही घटक असतो, जो या रुग्णांच्या जठरात नसतो, हे त्यातून सिद्ध झालं. १९४८ मध्ये बी-१२ वेगळं काढता आलं आणि यकृताच्या ताटाची जागा इंजेक्शननं घेतली. १९६० च्या आसपास शेवटचा दुवा सापडला: या रुग्णांच्या रक्तात जठरातल्या त्याच घटकाविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेनं हल्ल्यासाठी बनवलेली प्रथिनं, होत्या. म्हणजे आजार ऑटोइम्यून होता आणि जीवनसत्त्वाची कमतरता हा त्याचा परिणाम होता.

हा फरक बारीक वाटतो, पण पुढच्या सगळ्या सल्ल्यांची परीक्षा त्यावरच होते. बी-१२ नं रुग्ण वाचतो, तरी जठरावरचा हल्ला थांबत नाही. हल्ल्यामुळे झालेली तूट भरून निघते, एवढंच. म्हणून ते आयुष्यभर घ्यावं लागतं. ज्याच्या रक्तात बी-१२ पुरेसं आहे, त्यानं ते आणखी घेतल्यानं कोणताही ऑटोइम्यून आजार आवरत नाही.

दुसरा आजार सीलिॲक, ज्यात गव्हामुळे आतड्याला इजा होते. इथे मात्र आहारानं खुद्द आजारालाच लगाम घातला. सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये लंडनमध्ये या आजाराचं वर्णन केलं. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, सतत जुलाब अशी ती मुलं. बरं करता आलं तर आहारानंच करता येईल, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांनी एका मुलाची हकीकत दिली आहे. त्याला रोज उत्तम डच शिंपल्यांचं मांस दिलं जात होतं आणि तो छान बाळसं धरू लागला होता. शिंपल्यांचा हंगाम संपला, आजार उलटला. पुढच्या हंगामात पोरगं शिंपल्यांना तोंड लावायला तयार होईना. आज ती हकीकत वाचताना जीव हळहळतो, कारण उत्तर समोरच होतं: शिंपल्यांनी पोट भरलं की गहू पोटात जात नव्हता. त्याच गी यांनी पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेल्या पावाला मात्र परवानगी दिली होती.

पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. मुलं सुधारली आणि हा उपचार कित्येक वर्षं चालला. केळ्यात काहीतरी औषधी गुण आहे, अशी समजूत झाली. खरं तर त्या आहारात पाव आणि बिस्किटं वर्ज्य होती, फरक त्यानं पडत होता. मूल बरं झालं असं समजून पुन्हा गहू सुरू झाला की आतड्याचं नुकसान पुन्हा सुरू. अनुभव खरा, पण त्याचं श्रेय भलत्याच पदार्थाला, असा हा प्रकार आहे. आजच्या कितीतरी पथ्यांत मला तोच दिसतो.

हा गुंता नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सोडवला. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही मुलं बिघडली नाहीत. पाव परत आला तशी बिघडली. डिके नुसत्या निरीक्षणावर थांबले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या आहारात गहू घातला, काढला, पुन्हा घातला आणि दर वेळी शौचातून किती चरबी न पचता बाहेर पडते हे मोजलं. गहू आला की आकडा चढायचा, गेला की उतरायचा. १९५० मध्ये डिके यांचा प्रबंध आला आणि पाठोपाठ दोष गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाकडे गेला. सीलिॲकच्या रुग्णासाठी ग्लुटेन सोडणं हा उपचार आहे आणि तो जन्मभराचा आहे. सोरायसिस, ल्युपस किंवा (ऱ्हुमॅटॉइड) संधिवात असे दुसरे ऑटोइम्यून आजार असलेल्या, पण सीलिॲक नसलेल्या माणसाला तोच सल्ला दिला जातो तेव्हा मात्र तो उसना घेतलेला असतो. ज्यांना शंका असेल, त्यांनी गहू सोडण्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करून घ्यावी. ग्लुटेन काही महिने बंद राहिलं की त्या अँटिबॉडी उतरतात, रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि खात्री करण्यासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो.

या सगळ्या काळात ऑटोइम्यून आजार ही कल्पनाच फारशी रुजली नव्हती. शरीर स्वतःवर उलटणं टाळतं, हे पॉल एर्लिख यांचं शतकाच्या आरंभीचं मत बराच काळ प्रमाण मानलं गेलं. १९५६ मध्ये रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये थायरॉइडवरचा असा हल्ला घडवून दाखवला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि सहकाऱ्यांना हाशिमोटो या थायरॉइडच्या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी अँटिबॉडी सापडल्या. तोवर सांधेदुखीचे रुग्ण जीवनसत्त्वांच्या लाटेत सापडलेही होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत संधिवातावर डी जीवनसत्त्वाचे रोज लाखो युनिटचे डोस देण्यात आले. काहींना बरं वाटलं. अनेकांच्या रक्तात कॅल्शियम चढलं, उलट्या झाल्या, मूत्रपिंडांना इजा झाली. तो उपचार मागे पडला. अवाढव्य डोसांचे 'प्रोटोकॉल' आज पुन्हा कानावर येतात, तेव्हा हा जुना अनुभव आठवायला हवा. निरोगी प्रौढासाठी साधारणपणे मानली जाणारी वरची मर्यादा दिवसाला ४००० युनिट आहे. त्यापुढचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.

सल्ल्यांचा एक वेगळा प्रवाह औषधांमधून आला. तो सर्वांत कमी चर्चेतला, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड दिलं आणि स्टेरॉइडचं युग सुरू झालं. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यानं हाडं ठिसूळ होतात, म्हणून सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व आलं. तसंच संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटचं. हे औषध शरीरातल्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामातच अडथळा आणतं. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्यासोबत फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप, दिलं तर औषधाचा गुण मारला जाईल, अशी भीती होती. १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत दिसलं की तोंड येणं, मळमळ यांसारखे त्रास कमी होतात आणि सांध्यांवरचा गुण टिकून राहतो. म्हणून चिठ्ठीवरची ती छोटी पिवळी गोळी 'नुसतं व्हिटॅमिन' म्हणून टाळू नये. कोणत्या दिवशी किती घ्यायची तेही डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आहारानं खुद्द आजार आवरतो का, हा प्रश्न अवघड होण्यामागे एक कारण आहे: यातले बरेच आजार चढउतारांचे असतात. माणूस पथ्य धरतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर उतार पडणारच असतो आणि श्रेय पथ्याला जातं. रॉय स्वँक यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णांना अतिशय कमी चरबीचा आहार दिला आणि तब्बल ३४ वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. १९९० मध्ये त्यांनी लिहिलं, की पथ्य काटेकोर पाळणारे बरेच बरे राहिले. चिकाटी थक्क करणारी आहे. पण पथ्य न दिलेला तुलनेचा गट तिथे नव्हता. शिवाय ज्याची तब्येत बरी, त्यालाच पथ्य पाळणं जमतं, असंही असू शकतं. टोमॅटो, बटाटे, वांगी, मिरची या कुळावरचा आरोप तर बहुतांशी लोकांच्या स्वानुभवावर उभा आहे. त्यामानानं नॉर्वेतली १९९१ ची चाचणी नेटकी होती. संधिवाताच्या ५३ रुग्णांपैकी निम्म्यांना आधी काही दिवस उपवास आणि मग वर्षभर शाकाहार दिला. सांध्यांची सूज आणि वेदना त्यांच्यात कमी झाल्या. अर्थात आपण काय खातोय हे रुग्णापासून लपवता येत नाही, ही अशा चाचण्यांची मोठी अडचण आहे. मुलांमधल्या क्रोन्स आजारात काही आठवडे केवळ पातळ पोषक आहारावर ठेवल्यानं आतड्याची सूज उतरते, हे मात्र आता पक्कं झालं आहे.

डी जीवनसत्त्वाची गोष्ट अजून संपलेली नाही. विषुववृत्तापासून दूर जावं तसं मल्टिपल स्क्लेरोसिसचं प्रमाण वाढतं, हे जुनं निरीक्षण आहे. १९८० च्या दशकात प्रतिकारयंत्रणेच्या पेशींतही डी जीवनसत्त्वाचे रिसेप्टर, म्हणजे ते टिपून घेणाऱ्या जागा, सापडले आणि आशा वाढली. पण आजारी माणसाच्या रक्तात डी कमी असणं आणि डी कमी म्हणून आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारी माणूस उन्हात कमी जातो, आणि शरीरातल्या दाहामुळेही रक्तातली पातळी उतरते. मोठा पुरावा २०२२ मध्ये आला. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ जणांपैकी ज्यांना पाच वर्षं रोज २००० युनिट डी मिळालं, त्यांच्यात नवे ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी दिसले. प्रत्यक्ष संख्या पाहिल्या तर डीच्या गटात १२३ नवे रुग्ण, दुसऱ्या गटात १५५. गोळी बंद झाल्यावर दोन वर्षांनी तो फायदाही विरला. आणि हे सगळं आजार होऊ नये म्हणून. झालेल्या आजारावर उपचार म्हणून नव्हे. उपचाराच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत, मल्टिपल स्क्लेरोसिसचा पहिलाच संशयित झटका आलेल्या रुग्णांना मोठ्या डोसांचा फायदा दिसला. त्याआधीच्या, इतर औषधांच्या जोडीला डी देणाऱ्या चाचण्यांनी मात्र निराशा केली होती.

'घेऊन तर बघ, नुकसान काय होणार' हे वाक्य या आजारांत सर्वांत जास्त त्रास देऊन जातं. १९८२ मध्ये अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) मोडांवर ठेवलेल्या माकडांना ल्युपससारखा आजार झाल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हापासून ल्युपसच्या रुग्णांना ते मोड टाळायला सांगतात. गलगंडाविरुद्ध आयोडीनयुक्त मिठानं मोठं काम केलं, पण थायरॉइडवर आधीच हल्ला चालू असलेल्या माणसाला समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतलं भरमसाठ आयोडीन बाधू शकतं. 'इम्युनिटी वाढवा' म्हणत विकली जाणारी चूर्णं आणि गोळ्या अशा माणसाला सुचवल्या जातात, ज्याचे डॉक्टर तीच प्रतिकारयंत्रणा शांत करण्यासाठी औषधं देत असतात. केसांसाठी म्हणून घेतलेलं बायोटिन हे जीवनसत्त्व रक्ताच्या तपासण्याच चुकवतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये दिला. मोठ्या डोसमुळे थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा खोटा कमी येऊ शकतो आणि त्यावरून थायरॉइडच्या गोळीचा डोस चुकीचा बदलला जाऊ शकतो. म्हणून रक्त द्यायला जाण्याआधी, आपण घेत असलेल्या प्रत्येक सप्लिमेंटची बाटली डॉक्टरांना दाखवा आणि बायोटिन किती दिवस आधी थांबवायचं ते विचारून घ्या.