कोंडवाडा वेगळा, पांजरपोळ वेगळा

मोकाट गाय रस्त्यात बसली की कुणीतरी म्हणतंच, "हिला पांजरपोळात न्या हो." प्रत्यक्षात ती जाते कोंडवाड्यात. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून लिहितो.

कोंडवाडा सगळ्यांना ठाऊक आहे: ग्रामपंचायतीचं किंवा पालिकेचं आवार, दंड भरा, जनावर सोडवा. पांजरपोळ धर्मादाय, तिथे भाकड, लंगडी, म्हातारी जनावरं राहतात. गव्हाणी दोन्हीकडे सारख्याच.

मेख पुढे आहे. आत गेलेल्या जनावराचं काय होणार, हे दोन्हीकडे गावच ठरवतं, पण कोंडवाड्यात घड्याळ चालू असतं. 1871 च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं, नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची. आणखी सात दिवसांनी जाहीर लिलाव. इथे गावाने पैसे द्यायची गरज नाही, तोंड उघडायची आहे. "ही वरच्या आळीतली तांबडी, डावं शिंग मोडकं," एवढं कुणी मालकाच्या कानावर घातलं तरी गाय घरी जाते. शेजारी गप्प राहिले की बोली लागते. मला या गप्प बसण्याचा फार राग येतो.

पांजरपोळात मुदतच नाही, म्हणून तिथे रोज वैरण लागते. मुंबईत 1832 साली भटकी कुत्री मारण्यावरून दंगल झाली. पुढे अशा जनावरांना आसरा म्हणून 1834 साली जमशेटजी जिजीभॉय, मोतीशा शेठ अशा व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर त्यासाठी पट्टी बसवून घेतली. वर्षभर येणारा पैसा, म्हणून तो टिकला. आपण मात्र संक्रांतीला पांजरपोळात रांग लावतो. शिजवलेला भात, पोळ्या, गूळ, सगळं एकाच गव्हाणीत. संध्याकाळी गाईची डावी कूस नगाऱ्यासारखी ताणलेली, तोंडाला फेस, आणि पोटफुगीसाठी डॉक्टरांना फोन. वैशाखात वैरणीची गंजी संपते तेव्हा आवारात कुणी फिरकत नाही. मी पोळ्या नेणाऱ्यांना सरळ परत पाठवीन. कडब्याच्या पेंढ्या आणा, त्याही उन्हाळ्यात.

भाकड गाय पांजरपोळात घालणार असाल तर तिच्या वैरणीचे पैसे दरमहा पोचते करा. आणि गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर आजच वहीत उतरवून ठेवा; कोंडवाड्यात मालकी पटवायला तोच कामी येतो.