येरवड्यातली एक प्रत आणि मोफत वकिलाचा हक्क

मोफत कायदेशीर मदत म्हणजे सरकारची मेहेरबानी, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. तो हक्क आहे, आणि तो मिळाला त्या कहाणीचा एक धागा आपल्या येरवडा तुरुंगातून जातो.

पुण्यात या विचाराची मुळं जुनी. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला चालला, तेव्हा सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण हा एका वकिलाचा धीर होता, कायदा नव्हे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नादार, म्हणजे फी भरायची ऐपत नसलेल्या, माणसाला कोर्ट फीची सवलत मिळाली. वकिलाची फी कोण देणार, हा प्रश्न तिथेच राहिला.

१९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-क आला; गरिबाला मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं तो राज्याला सांगतो. मग १९७८ मध्ये होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला. आरोपीला उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयात तो पोचला चार वर्षांहून अधिक उशिराने. निकालाची मोफत प्रत येरवड्याच्या अधीक्षकांकडे गेली होती. ती मिळालीच नाही, असं कैदी म्हणत होता, आणि मिळाल्याची त्याची सही कुठेच नव्हती. एका प्रतीअभावी माणसाचं अपील अडतं, हे वाचताना आजही पोटात तुटतं. त्याची याचिका फेटाळली गेली, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावून सांगितलं: कैद्याला प्रत वेळेत, पोच घेऊन द्या, वकील परवडत नसेल तर न्यायालयाने नेमावा आणि खर्च राज्याने सोसावा.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला, पण अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. त्याच्या कलम १२ मधली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग आणि कोठडीतले कैदी यांना उत्पन्नाची अट नाही. तरीही तहसीलचा उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून कितीतरी बाया अर्जच करत नाहीत.

पुण्यात हे काम शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातून चालतं. देशभरासाठी हेल्पलाइन १५१०० आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं, अर्ज तिथले लोक भरून देतात.