फोन काढून घेतला की ऑनलाइन छळ थांबतो?

'मुलाचा फोन काढून घ्या, ऑनलाइन छळ आपोआप थांबेल,' हा सल्ला वर्षानुवर्षे फॉरवर्ड होतोय. देणारे काळजीपोटीच देतात, पण तसं घडत नाही. फोन कपाटात गेला तरी वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला टिंगलीचा फोटो आणि त्याखालचे हसरे इमोजी तिथेच राहतात. ते बघणारी मुलं दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावर असतात. वर, धीर देणारे मित्रही तुटतात. फोन जाईल या धास्तीनेच कित्येक मुलं घरी काही बोलत नाहीत. मग छळ एकट्याने सोसताना झोप उडते, शाळा नकोशी होते. पडताळायचंय? मुलाला सहज विचारा, 'ऑनलाइन कुणी छळलं तर मला सांगशील? नाही, तर का नाही?' आणि घडलंच, तर आधी स्क्रीनशॉट जपून ठेवा, मग ब्लॉक आणि रिपोर्ट.